ऑडिटमध्ये ९४ टक्के, प्रत्यक्षात कोणी हात स्वच्छ करत नाही... दंड लावू का?

पत्रात काय आहे ते थोडक्यात (नाव, गाव, हॉस्पिटल, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

या मैत्रिणीने नऊ वर्षं वॉर्डात आणि आयसीयूत काम केलं, आणि दीड वर्षापूर्वी तिला इन्फेक्शन कंट्रोल नर्सची जबाबदारी मिळाली. तिने पोस्टर लावले, तीनदा ट्रेनिंग घेतलं, दर महिन्याला क्लिपबोर्ड घेऊन ऑडिट करते. ऑडिटमध्ये हातांच्या स्वच्छतेचा आकडा ९४ टक्के येतो आणि वरचे खूश आहेत. पण संध्याकाळी उशिरा ती सहज आयसीयूत डोकावली तर एका पेशंटची लघवीची पिशवी रिकामी करून त्याच ग्लोव्हजनी शेजारच्या पेशंटची सलाईन ठीक करताना तिने बघितलं. तिचे शब्द, "यांना माहीत नाही असं नाही, यांना पर्वा नाही." एक सीनियर सर्जन राउंडला कधीच हाताला रब (हात स्वच्छ करायचं अल्कोहोलचं द्रव) लावत नाहीत, त्यामुळे त्यांच्या मागची अख्खी टीमही लावत नाही. तिने एकदा सगळ्यांसमोर टोकलं तर ते हसून म्हणाले, "सिस्टर, मला पेशंट बघू द्या", आणि मागची पोरंही हसली. आता मेडिकल सुपरिटेंडेंट म्हणतायत की नावं बोर्डावर लावा, पगारातून दंड कापा. ती येताना दिसली की जुन्या मैत्रिणी बोलायच्या थांबतात. तिचे प्रश्न दोन, दंड लावू का, आणि हे जमणारच नसेल तर परत वॉर्डात जाऊ का. शेवटी लिहिलंय, ताई, मला तू म्हणा.

बरं, तू म्हणते.

दंड आत्ता नको. बोर्डावर नावं तर अजिबातच नकोत. का ते सांगते, पण आधी तुझ्या त्या ९४ बद्दल बोलू, कारण मला वाटतं सगळा गुंता तिथून सुरू होतो.

तू क्लिपबोर्ड घेऊन दारात उभी राहतेस, सगळ्यांना माहितीये तू कोण आणि कशाला आलीयेस, मग जो तो हात चोळतो आणि तू बरोबरची खूण करतेस. म्हणजे ९४ टक्के वेळा लोक तुला बघून हात चोळतात एवढंच कळलं ना? आणि यात तुझी काही चूक नाही, हे जगभर होतं. टोरांटोत एका हॉस्पिटलने सेन्सर लावून हे मोजलं होतं, २०१४ ला छापून आलं, ऑडिट करणारा माणूस जिथून दिसतो तिथले डिस्पेन्सर (भिंतीवरच्या रब-साबणाच्या बाटल्या), तो नसताना वापरले जातात त्यापेक्षा साधारण तिप्पट वापरले गेले. डब्ल्यूएचओने २००९ च्या गाइडलाइन्समध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांवरून लोक नियमाप्रमाणे हात किती वेळा स्वच्छ करतात याची सरासरी दिलीय ती ४० टक्क्यांच्याही किंचित खालीच आहे. त्यामुळे संध्याकाळी तू जे बघितलंस ते तुमच्याच हॉस्पिटलचं काहीतरी भयंकर गुपित आहे असं समजू नको. बहुतेक ठिकाणी संध्याकाळी असंच दिसेल. फरक एवढाच की तुला ते दिसलं आणि तुझी झोप उडाली.

आता दुसरं. "यांना पर्वा नाही." हे वाक्य मी पण खूप वर्षं बोलले गं. मी आधी वॉर्डात होते आणि नंतर तुझंच काम केलं, आणि सुरुवातीला मी इतकी वाईट होते त्यात की काय सांगू, दारामागे उभी राहून लोकांना पकडायचे आणि पकडलं की आतून बरंही वाटायचं. मग एकदा नाईटला मला काहीच काम नव्हतं म्हणून मी एका सिस्टरच्या मागेमागे तासभर फिरले, वही नाही काही नाही, नुसते तिचे हात बघत. तिच्याकडे सहा पेशंट होते. पहिल्या दहा मिनिटांत एकाचा मॉनिटर वाजला, दुसऱ्याला सक्शन, तिसऱ्याची ड्रिप संपली, मध्येच फोन. रबची बाटली होती हो, दाराच्या मागच्या भिंतीला लावलेली, आणि ते दार दिवसरात्र उघडंच असायचं, म्हणजे बाटली दाराआड! तिथे जाऊन हात घालायचा तर आधी दार ओढायला लागायचं. ते डिस्पेन्सर ज्याने लावलं त्याने भिंत मोकळी दिसली म्हणून लावलं होतं. आणि मी त्या वॉर्डला चार महिने "निष्काळजी" म्हणून रिपोर्ट लिहीत होते. लाज वाटली मला.

तू स्वतः आयसीयूत होतीस, एका शिफ्टला किती वेळा हात स्वच्छ करायची वेळ येते ते आठव. १९९७ मध्ये दोन जणांनी याचा सरळ हिशोबच मांडला होता. आयसीयूत १२ जणांची शिफ्ट धरली, आणि प्रत्येकाने प्रत्येक वेळी नियमाप्रमाणे सिंकपर्यंत जाऊन साबणाने हात धुवायचे म्हटलं तर सगळ्यांचे मिळून १६ तास नुसते धुण्यातच जातात, म्हणजे दोन माणसं अख्खी शिफ्ट नळाखाली. तेच बेडपाशी अल्कोहोल रब असेल तर ३ तास. आता सांग, जिथे स्टाफ आधीच कमी आहे तिथे ते १६ तास आणायचे कुठून? लोक मग मनातल्या मनात निवडतात, हे आत्ता करू ते नंतर. बाहेरून बघणाऱ्याला ती बेपर्वाई वाटते, आणि काही जणांची असतेही, मी सगळ्यांना संत म्हणत नाहीये. पण आधी ते १६ तास बाजूला काढ आणि मग उरतात ते किती ते बघ.

म्हणून पहिलं काम, क्लिपबोर्ड न घेता एक वॉर्ड निवड आणि एका माणसाचे हात तासभर बघ. सकाळी एकदा, रात्री एकदा. त्या माणसाला आधी सांगून, लपून नाही, "तुझी चूक शोधत नाहीये, बाटली कुठे असायला हवी ते शोधतेय" असं म्हणून. आणि एवढंच टिपून ठेव की हात जिथे स्वच्छ व्हायला हवे होते तिथे उभं राहून बाटलीपर्यंत हात पोचत होता का. पोचत असेल तर ती भरलेली होती का, पंप चालू होता का. रात्री संपली तर नवी कुठून मिळते, स्टोअरची किल्ली कोणाकडे. मला खात्री आहे पहिल्याच रात्री तुला दोन तीन गोष्टी अशा सापडतील ज्या कुठल्याही ट्रेनिंगने सुटणार नाहीत. बेडच्या पायथ्याला अडकवायची बाटली, किंवा खिशातली छोटी, किंवा ड्रेसिंग ट्रॉलीवरची, जे त्या वॉर्डात चालेल ते, आणि हे त्यांनाच विचारून ठरव, तू ठरवून नको.

मग तू त्या पाच क्षणांबद्दल लिहिलंयस ना, की सगळ्यांना पाठ आहेत तरी करत नाहीत (इतर वाचणाऱ्यांसाठी: पेशंटला हात लावायच्या आधी, निर्जंतुक काम करायच्या आधी, रक्त-लघवी वगैरेशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटच्या बेड-टेबल-मॉनिटरला हात लावल्यावर). तुझ्या जुन्या शीटमध्ये हे पाचही वेगवेगळे मोजून बघ. बहुतेक असं निघेल की "नंतर" वाले बऱ्यापैकी होतात आणि "आधी" वाले राहतात. कारण उघड आहे, घाण लागली असं वाटलं की हात आपोआप नळाकडे जातो, ते आपल्याला स्वतःला वाचवायला असतं. आधीचा क्षण पेशंटसाठी असतो आणि तेव्हा आपले हात आपल्याला स्वच्छच दिसतात. त्या ग्लोव्हजचंही हेच. ग्लोव्हज घातले की आतला हात सुरक्षित वाटतो, मग बाहेरून त्या ग्लोव्हजनी काय काय फिरवलं हे डोक्यातच येत नाही. तू बघितलेल्या त्या मुलाला किंवा मुलीला बोलव आणि ओरडू नको, फक्त विचार की ग्लोव्हज कोणासाठी घातले होते. बहुतेकांनी हा प्रश्न स्वतःला कधी विचारलेलाच नसतो. पिशवी झाली की ग्लोव्हज काढायचे, रब, मग पुढचा पेशंट, आणि सलाईनला बहुतेकदा ग्लोव्हज लागतही नाहीत.

पोस्टरबद्दल एक गंमत सांगते. अमेरिकेत ग्रँट आणि हॉफमन नावाच्या दोघांनी २०११ मध्ये एक साधा प्रयोग छापला, हॉस्पिटलमधल्या डिस्पेन्सरवर वेगवेगळ्या पाट्या लावल्या. एकीवर लिहिलं, हात स्वच्छ ठेवल्याने तुम्ही आजारी पडत नाही. दुसरीवर, हात स्वच्छ ठेवल्याने पेशंट आजारी पडत नाहीत. दुसरी पाटी होती तिथे साबण-जेल जास्त वापरलं गेलं, पहिलीने काही फरक पडला नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण याचा अर्थ पर्वा असते लोकांना, आपणच चुकीच्या जागी हाक मारत असतो. तुझे पोस्टर एकदा वाचून बघ कोणाला उद्देशून आहेत. आणि दर दोन महिन्यांनी बदल, तोच कागद दिसत राहिला की भिंतीसारखाच होतो.

हात फुटण्याचं तू एका ओळीत उडवून लावलंयस, "काही जणी स्किनची कारणं देतात". कारणं नाहीत गं ती! फुटलेल्या हाताला अल्कोहोल लागलं की जी आग होते ती तुला नऊ वर्षांत कधी झाली नसेल तर तू नशीबवान. गैरसमज असा असतो की अल्कोहोलने हात फुटले. खरं तर सारखा साबण, त्यात गरम पाणी, मग नीट न पुसणं, यानेच कातडी जास्त खराब होते आणि अल्कोहोल नंतर फक्त झोंबतं. त्यातून काही जणी साबणाने धुवून लगेच वरून रबही लावतात, दुप्पट सुरक्षित म्हणून, ते दोन्ही एकापाठोपाठ करू नये, दोन्हीतलं एकच पुरे. हात डोळ्यांना घाण दिसतायत, रक्त वगैरे लागलंय, किंवा जुलाबाचा पेशंट आहे आणि क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जिवाणूचा संशय आहे (त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत), तर साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. बाकी वेळेला रब, २० ते ३० सेकंद, सुकेपर्यंत. आणि ज्यात ग्लिसरीनसारखं काहीतरी आहे असं रब आणि ड्युटी संपताना लावायला क्रीम, या दोन गोष्टी सुपरिटेंडेंटकडे माग. ज्यांचे हात खरंच रक्ताळलेत त्यांना स्किनच्या डॉक्टरकडे पाठव आणि तोवर त्यांचं ऑडिट बाजूला ठेव. वॉर्डातल्या जुन्या मैत्रिणी परत बोलायला लागतील का विचारलंस ना, क्रीमपासून सुरुवात कर, मी मस्करी करत नाहीये.

एक राहिलंच. तुझ्या पत्रात डॉक्टर आणि सिस्टर आहेत, पण मावशी, मामा, एक्स-रे काढायला येणारे, ट्रॉली ढकलणारे, फिजिओ यांच्याबद्दल एक शब्द नाही. ट्रेनिंग पण दुपारी दोन वाजता हॉलमध्ये ठेवलंस ना? रात्रीपाळीच्या मावशी कशा येतील? त्यांना बेडपाशी जाऊन पाच मिनिटांत दाखव, आणि भाषा सोपी. माझ्या अनुभवात एकदा पटलं की तेच सगळ्यात पक्के असतात आणि डॉक्टरलाही टोकायला कमी करत नाहीत.

आता सर्जन.

तू सगळ्यांसमोर टोकलंस ते धाडसाचं होतं, पण टोकलेलं त्यांनी ऐकलंच नाही, त्यांनी फक्त पोरांसमोर आपली बाजू सांभाळली. सेमेलवाइस या डॉक्टरची गोष्ट तुझ्या ट्रेनिंगच्या पहिल्या स्लाईडवर असणार, सगळ्यांच्याच असते. व्हिएन्ना, १८४७, डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तेच हात घेऊन बाळंतिणींकडे यायचे, एप्रिलमध्ये त्या विभागात १०० मागे १८ बायका गेल्या, मग त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि जूनमध्ये ते २ वर आलं. स्लाईड इथे संपते. पुढचं कोणी सांगत नाही, की त्याने आपलं सविस्तर पुस्तक १८६१ पर्यंत छापलंच नाही, आणि नंतर जे पटवून घेत नव्हते त्या मोठमोठ्या डॉक्टरांना उघड पत्रं लिहून खुनी म्हटलं. तो बरोबर होता, शंभर टक्के बरोबर. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात गेला बिचारा, आणि त्याचं म्हणणं लोकांनी मान्य केलं ते त्याच्यानंतर. मला या गोष्टीतून नेहमी तीच भीती वाटते, की आपण बरोबर आहोत या रागातच माणूस ऐकणाऱ्यालाही लांब करतो.

तर त्यांना एकटं भेट. ओपीडी संपल्यावर, दोन मिनिटं मागून. "सर, राउंडला तुमच्या मागे आठ जण असतात आणि ते तुमच्याकडे बघून करतात, तुम्ही पहिल्या बेडपाशी रब घेतलंत तर मला त्यांना काही सांगायलाच लागणार नाही." एवढंच. यात त्यांच्यावर आरोप नाही आणि खोटी स्तुतीही नाही. जमलं तर त्यांच्याच पेशंटच्या ऑपरेशनच्या जखमांमधल्या इन्फेक्शनचे आकडे बरोबर ने, दुसऱ्या युनिटशी तुलना न करता, नुसते द्यायचे आणि विचारायचं यात काय दिसतंय तुम्हाला. सर्जन माणसाला स्वतःच्या जखमा चिघळलेल्या आवडत नाहीत. शिवाय राउंडच्या ट्रॉलीवर बाटली ठेव आणि राउंडला जी सिस्टर असते तिने प्रत्येक बेडपाशी आधी स्वतः घेऊन मग पुढे धरायची, काही न बोलता. समोर धरलेली बाटली नाकारायला तोंडाने नाही म्हणावं लागतं, आणि ते रोज म्हणणं अवघड असतं.

तरीही नाही ऐकलं तर? तर ते तुझं काम नाही, सुपरिटेंडेंटचं आहे. तुझ्यापेक्षा वर असलेल्या माणसाला सरळ करायचं काम तुझ्या गळ्यात टाकून स्वतः बाजूला राहणं हे वरच्यांना फार सोयीचं पडतं, आणि दंडाची आयडिया पण त्यातलीच वाटते मला. दंड कोणाचा कापला जाईल सांग ना? मावशींचा, नव्या सिस्टरचा. सर्जनचा कोणीही कापणार नाही, आणि हे अख्ख्या वॉर्डाला पहिल्या दिवशी कळेल. त्यानंतर तुला खरं कोणी सांगणार नाही, बाटली रिकामी होती हेसुद्धा नाही. आकडा मात्र ९४ चा ९८ होईल.

पेशंटनाच सांगा डॉक्टरांना आठवण करा, असाही एक उपाय तू लिहिलायस. पाटी लावायला हरकत नाही, पण त्यावर भिस्त नको. बेडवर पडलेला माणूस ज्याच्या हातात आपला जीव आहे त्याला हात धुतले का विचारेल, फार थोडे विचारतील, आणि जे विचारतील त्यांना एकदा जरी कोणी तिरकं बोललं तरी संपलं.

सुपरिटेंडेंटला काय सांगायचं तर असं सांग, की मला एक वॉर्ड आणि तीन महिने द्या, दंड त्यानंतर ठरवू. त्यात प्रत्येक बेडपाशी रब, रात्री स्टॉक भरायची जबाबदारी एका माणसावर नावानिशी, क्रीम, आणि तुम्ही स्वतः आठवड्यातून एकदा राउंडला येऊन सगळ्यांच्या आधी हात चोळायचे. आकडा पण बदलायचा. ऑडिट करच, पण त्याच्या जोडीला वॉर्डात महिन्याला किती लिटर रब संपलं ते पेशंट-दिवसांच्या हिशोबाने (एक पेशंट एक दिवस राहिला की एक पेशंट-दिवस) लिहायचं, डब्ल्यूएचओच्या तक्त्यात १००० पेशंट-दिवसांना निदान २० लिटर असा अंदाज धरलाय. यातही गडबड होते, नातेवाईक वापरतात, कोणी बाटली घरी नेतं, पण त्याला तू आलीस की नाही हे कळत नाही. आणि खरा आकडा सुरुवातीला खूप खाली येईल, ४५ पण येईल, त्यासाठी त्यांची मनाची तयारी आधीच करून ठेव, नाहीतर तुझ्यामुळे घसरलं म्हणतील. तेव्हा त्यांना जिनिव्हाचं सांग. तिथल्या विद्यापीठ हॉस्पिटलमध्ये डिडिएर पिटे यांच्या टीमने हेच केलं, बेडपाशी रब, पोस्टर स्टाफनेच बनवलेले, वरून पाठिंबा, आणि १९९४ ते १९९७ मध्ये प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि हॉस्पिटलमध्ये लागलेली इन्फेक्शन असलेले पेशंट १९९८ पर्यंत १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले. जगभर ज्याचं उदाहरण देतात ते हॉस्पिटल ६६ वर होतं, तुमचा कागद ९४ म्हणतो, एवढं एकच वाक्य पुरेल त्यांना. आणि तिथेही सुधारल्या त्या सिस्टर, डॉक्टर फारसे सुधारले नव्हते, म्हणजे तुझा सर्जन काही एकटा नाही.

तीन महिन्यांनंतर, सगळं हाताशी असूनही, एकटं सांगूनही, कोणी मुद्दाम हात स्वच्छ करायचं टाळत असेल तर कारवाई जरूर करा, मी त्याच्या विरोधात नाही. पण मग ती पदाकडे न बघता, आणि बंद खोलीत.

वॉर्डात परत जाऊ का याचं उत्तर मी देणार नाही, तीन महिने होऊ देत. फक्त एक कर, या आठवड्यात एक नाईट जुन्या आयसीयूत जुन्या मैत्रिणींबरोबर काम कर, इन्फेक्शन कंट्रोल म्हणून नाही, जास्तीचे दोन हात म्हणून. सहा पेशंट घे. आणि तुझे स्वतःचे किती वेळा सुटले ते सकाळी त्यांना मोजून सांग.